आकडा कोणी ठरवायचा?

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात कठाळे कुळाचं संमेलन भरलं होतं. त्या संमेलनात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी लोकसंख्येचा विषय काढला. जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, २.१च्या खाली गेला की समाज हळूहळू नाहीसा होतो, म्हणून प्रत्येक कुटुंबात दोनपेक्षा जास्त, निदान तीन मुलं असावीत, असं त्यांनी सांगितलं. देशभर त्यावर चर्चा झाली. पण या विषयाची खरी चर्चा व्यासपीठावर होत नाही. ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी होते, लग्नघरातल्या सतरंजीवर होते, आणि बहुतेक वेळा एका बाईने दुसऱ्या बाईला विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होते.

पुढच्या संवादातल्या दोघी या दोन भूमिका आहेत. आत्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या परिचारिका. भाची नागपूरच्या मिहान भागातल्या एका कंपनीत नोकरी करते. तिच्या लग्नाला काही वर्षं झाली आहेत आणि मूल नको, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलं आहे. अशा आत्या आणि अशा भाच्या नागपुरात महालापासून मनीषनगरपर्यंत कुठेही भेटतील. दोघींची बाजू मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडतो आहे. माझी स्वतःची बाजू शेवटी.

आत्या : एक विचारू? राग नको मानू. तुम्ही दोघांनी खरंच पक्कं ठरवलं, की अजून विचार करून राहिले?

भाची : पक्कं ठरवलंय, आत्या. दोघांनी मिळून. मला मुलं आवडत नाहीत असं कोणी समजू नये. दादाची पोरं सुट्टीत माझ्याकडेच असतात. पण आपण आई व्हावं, ही ओढ मला कधी लागली नाही. ती नसताना केवळ लोकांचं तोंड बंद व्हावं म्हणून एक जीव जन्माला घालायचा, हे मला त्या जिवावरच अन्यायाचं वाटतं.

आत्या : ओढ आधी कुठे असते गं? माझी सगळी नोकरी बाळंतिणींमध्ये गेली. नको-नको म्हणत आलेली बाई पाहिली आहे, आणि दोन तासांनी त्याच बाईला बाळाच्या मुठीतून बोट सोडवून घ्यायचं जिवावर आलेलंही पाहिलं आहे. सगळं आधी ठरवून होत नाही. आपण काही गोष्टींत पडतो आणि मग त्या आपल्याला घडवतात.

भाची : आणि ज्यांना तसं वाटलं नाही, त्या?

आत्या : त्याही पाहिल्या. खोटं कशाला सांगू? चौथी मुलगी झाली म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई पाहिली. नवरा भेटायलाही आला नव्हता.

भाची : ती घरी गेल्यावर तिचं काय झालं, हे कोणी विचारलं? पेढे वाटले की नाही, एवढंच आपण विचारतो. ज्यांचं चांगलं झालं त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, बाकीच्या बायका गप्प बसतात. गप्प बसणाऱ्यांना धरून मोजलं, तरच ‘होईल सगळं ठीक’ म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

आत्या : बरं. पण तुझं तसं नाही. तुला कोणी मुलगाच पाहिजे म्हणून छळत नाही. शिकलेली आहेस, नवरा समजूतदार आहे. आणि शिकलेल्यांनीच असं ठरवलं तर समाजाचं काय? महाराष्ट्राचा जननदर आज किती आहे, माहीत आहे नं?

भाची : १.७. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे. त्याआधीच्या सर्वेक्षणात १.९ होता.

आत्या : मग? आपल्या आजीला आठ, आईला चार, मला दोन, आणि तुझ्यापाशी येऊन एकही नाही. समाज म्हणजे नुसता घ्यायचा हिशेब नाही, बाई. त्याने आपल्याला वाढवलं, शिकवलं. त्याला काही परत करायचं असतं.

भाची : परत करायचं, हे मान्य. पण ते माझ्या गर्भाशयातूनच का? आणि या आकड्यांचा इतिहास तर बघ. १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलं झाली की नवरा-बायकोपैकी एकाची शस्त्रक्रिया व्हायचीच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं. मग नियम आला, की १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला, जिल्हा परिषदेला उभं राहता येणार नाही. पदं गेली, ती बऱ्याचदा बायकांची. तिसरं होऊ द्यायचं की नाही, हे ठरवताना त्यांना कोणी विचारलंही नसेल. आणि आता सांगतात, तीन हवीत. चीनने तर एकाच सरकारच्या हाताने दोन्ही केलं. १९८० पासून दुसऱ्या मुलाला दंड, आणि २०२१ पासून तिसऱ्यासाठी आर्जव. आकडा बदलत राहतो, आत्या. ज्या शरीरावर तो लिहिला जातो ते मात्र तेच राहतं.

आत्या : सरकारने घरात शिरू नये, हे मलाही पटतं. आणीबाणीतल्या शिबिरांबद्दल जुन्या सिस्टर सांगायच्या, अंगावर काटा यायचा. पण मी सरकारबद्दल बोलत नाही. मी आईपणाबद्दल बोलते आहे. आईपण म्हणजे दुबळेपणा, ओझं, करिअरमधला अडथळा, असंच तुम्ही लोक बोलता. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, आपल्याच विदर्भातलं. त्या माउलीने पुण्याच्या ओसाड जहागिरीत राहून काय उभं केलं? वर्ध्याला १९३६ साली राष्ट्र सेविका समिती काढणाऱ्या लक्ष्मीबाई केळकर मूळच्या नागपूरच्या. ऐन तिशीच्या आत वैधव्य आलं, घरात मुलाबाळांचा मोठा संसार, आणि तरी गावोगावच्या बायकांची संघटना बांधली. त्यांनी मातृत्वाचा आदर्श जिजाऊंमध्ये पाहिला तो उगाच नाही. आईपणाने त्यांचे पाय बांधले गेले नाहीत.

भाची : यात माझ्या बाजूचंच जास्त आहे. जिजाऊंनी कारभार पाहिला, न्याय केला. लक्ष्मीबाई घराबाहेर पडल्या, व्यासपीठावर बोलल्या. दोघी आई होत्या आणि आईपणाच्या पलीकडेही खूप काही होत्या. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो तेव्हा पहिला भाग ठेवतो आणि दुसरा विसरतो. आणि तुला तुझ्याच क्षेत्रातलं नाव आठवत नाही? कमलाताई होस्पेट.

आत्या : त्यांना कशी विसरेन? आम्हा सिस्टर लोकांचं ते दैवत. कोवळ्या वयात विधवा झाल्या. इथे डफरिन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या. सुईणीचं काम म्हणजे विटाळाचं, चांगल्या घरच्या बाईने त्याला हात लावू नये, असा तो काळ. १९२१ साली वेणूताई नेन्यांना सोबत घेऊन सीताबर्डीत मातृसेवा संघ काढला. बायकांना धड जागा नाही, स्वच्छता नाही, बाळंतपणात मरून जात होत्या. त्या एका प्रसूतिगृहापासून पुढे किती शाखा झाल्या, अपंग मुलांचं काम झालं, समाजकार्याचं महाविद्यालय झालं. १९६१ साली पद्मश्री मिळाली.

भाची : त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांचं आयुष्य अपुरं राहिलं, असं म्हणशील?

आत्या : थांब. हा मुद्दा असा सोपा करू नको. कमलाताईंनी मूल नाकारलं नव्हतं. विधवेला दुसरं लग्न नाही, म्हणून ते त्यांच्या वाट्याला आलं नाही. सक्तीला तू निवड म्हणून राहिली.

भाची : बरोबर आहे तुझं. ती निवड नव्हती. पण मग असंही बघ, की विधवेने आई होऊ नये हे समाजाने ठरवलं आणि सवाष्णीने झालंच पाहिजे हेही समाजानेच ठरवलं. दोन्हीकडे निर्णय बाईच्या हातात नव्हता. कमलाताईंची थोरवी त्यांच्या मूल असण्या-नसण्यावर कोणी मोजत नाही. मग हाच न्याय जिवंत बायकांना का नाही? गेल्या वर्षी डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली तेव्हा एका काकूंनी मला हळूच बाजूला घेतलं. ‘तू नको गं, आपल्यात नाही चालत.’ मी तिथे भेट घेऊन गेले होते. आनंदाने गेले होते.

आत्या : मला नाही सांगितलंस.

भाची : काय सांगणार?

आत्या : ते चूक झालं. साफ चूक. पण आता माझंही एक ऐक. तू म्हणतेस निवड माझी. खरंच तुझी आहे का? सकाळी आठला बस पकडतेस, रात्री आठला परत. सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप. तुझ्या कंपनीला मूल नसलेली बाई किती सोयीची! पूर्वी सासू ठरवायची, आता साहेब ठरवतो. त्याला स्वातंत्र्य म्हणायचं?

भाची : हे तू अगदी खरं बोललीस. माझ्या ओळखीची एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तर तिचं काम दुसऱ्याला दिलेलं. मुलाखतीत आजही विचारतात, ‘लग्न झालंय का, पुढचा काय विचार?’ माझ्या नवऱ्याला हे कोणी विचारलं नाही. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवडे झाली, ते चांगलंच झालं. पण सगळी रजा आईची. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही मिळत नाही. म्हणजे मूल ही बाईमुळे येणारी अडचण, असं कायद्यानेच मालकाला शिकवलं. आणि घरी? २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणारी बाई रोज सरासरी २८९ मिनिटं राबते, आणि असं काम करणारा पुरुष ८८ मिनिटं.

आत्या : मग त्यासाठी भांडा नं! बापाला रजा पाहिजे, पाळणाघर पाहिजे, रात्री नवऱ्याने उठलं पाहिजे. मैदान सोडून का जाता? ‘मूल नको’ म्हणजे हरलेल्याचं उत्तर वाटतं मला.

भाची : सगळं मिळालं तरी माझं उत्तर कदाचित तेच असेल. पण दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत, असं तू धरून चालली आहेस. तसं नाही, आणि हे नागपूरला सगळ्यात आधी कळायला हवं. २० जुलै १९४२ला इथे अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. वीस हजारांवर बायका. कामगार, मोलकरणी, शेतमजूर. त्यांनी कशाचे ठराव केले? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे राबणाऱ्या बायकांना रजा, भरपाई, पेन्शन. आणि बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, लग्नाची घाई करू नका, फार मुलं होऊ देणं हा गुन्हा समजा, आणि लग्न केलं तर नवऱ्यासमोर मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका.

आत्या : ते गरिबीच्या अंगाने बोलले होते. खाणारी तोंडं फार, म्हणून.

भाची : गरिबी होतीच त्यात. पण त्यांची आधीची कामं सोबत ठेवून बघ. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो पडला. मग १९४२चं नागपूर. एकच माणूस एका हाताने आईसाठी पगारी रजा मागतो आणि दुसऱ्या हाताने बाईसाठी ‘नाही’ म्हणायचा हक्क. त्यात त्याला विसंगती वाटली नाही, कारण त्यात विसंगती नाहीच. बाईला माणूस मानलं की दोन्ही गोष्टी एकदमच मागाव्या लागतात.

आत्या : हं. रघुनाथराव कर्व्यांचं वाचलं होतं मी. १९२१ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले. त्यांना आणि पत्नी मालतीबाईंना मूल नव्हतं.

भाची : त्यांनी ठरवून होऊ दिलं नाही. शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःची करून घेतली. त्या केंद्राला शंभर वर्षं होऊन गेली, आणि आजही ‘ऑपरेशन’ म्हटलं की बाईच टेबलावर.

आत्या : ते मला नको सांगू, मी तिथेच उभी असायची. विशीबाविशीतल्या पोरी. दोन पोरं झाली की सासू घेऊन यायची, ‘सिस्टर, हिचं करून टाका.’ त्या पोरीला कोणी विचारायचं नाही. बाजूला नवरा तंबाखू मळत बसलेला.

भाची : महाराष्ट्रात विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांची नसबंदी अर्धा टक्कासुद्धा नाही.

आत्या : म्हणूनच म्हणते, तुझी निवड तुझ्या पगारावर उभी आहे. तुझ्या घरी भांडी घासायला येते तिला मूल पाहिजे की नाही हेही कोणी विचारलं नाही आणि बस्स झाली का हेही कोणी विचारलं नाही. तुझ्यासारखीला २६ आठवडे पगारी रजा. तिला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये, तेही कागदपत्रं जमली तर. बाराव्या दिवशी ती पुन्हा कामावर. तुमच्या लढाईत ती आहे का?

भाची : नसेल तर ती लढाई अर्धवट आहे. हे मी मान्य करते. ‘माझं मी ठरवलं’ एवढ्यावर मी थांबले तर ती नुसती माझी सोय झाली, हक्क नाही झाला.

आत्या : आणि म्हातारपण? तुझे काका गेले तेव्हा मुलगा रात्रीच्या गाडीने धावत आला म्हणून मी सावरले. तुला कोण येईल?

भाची : भीती वाटते, नाही म्हणत नाही. पण मुलं असूनही एकटे पडलेले आई-बाप आपल्या गल्लीतच आहेत. मुलांनी आई-बापांना पोसावं म्हणून २००७ साली संसदेला कायदा करावा लागला. म्हातारपणाचा विमा म्हणून मूल काढायचं, तर त्या मुलाच्या डोक्यावर केवढं ओझं! मी त्यापेक्षा माणसं जोडीन, पैसा साठवीन, आणि दादाच्या पोरांची चांगली आत्या होईन. तुझ्यासारखी.

आत्या : गोड बोलून मला गुंडाळू नको. मला पटलं, असं मी म्हणणार नाही. आईपणात मला जे मिळालं ते तुला कळायचं नाही, आणि त्याची हळहळ मला राहील. पण ‘गुड न्यूज कधी’ हे मी पुन्हा विचारणार नाही. आणि आपल्या घरातल्या डोहाळजेवणात पहिली ओटी तू भरशील. कोणाला चालत नसेल तर मी बघते.

भाची : आणि माझ्याकडून काय हवं?

आत्या : तुमच्या कंपनीत पाळणाघर आहे का? पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असली तर कायद्याने ते पाहिजे, हे तूच मागे सांगितलं होतंस.

भाची : कागदावर आहे. खोली कायम बंद असते.

आत्या : मग ती उघडायला लाव. तुला मूल नाही म्हणून तूच लाव. आई झालेली मुलगी मागते तेव्हा म्हणतात, हिला सवलत पाहिजे. तू मागशील तेव्हा कोणाला तसं म्हणता यायचं नाही.

हा संवाद आत्यांना हरवण्यासाठी लिहिलेला नाही. समाज टिकला पाहिजे, माणसाने एकटं पडू नये, आणि बाजाराने सांगितलेलं स्वातंत्र्य डोळे मिटून घेऊ नये, ही त्यांची तिन्ही म्हणणी खरी आहेत. माझं मत तरीही भाचीच्या बाजूचं आहे. मूल जन्माला घालायचं की नाही हा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात स्पष्ट केलं. २०२२ साली गर्भपाताच्या कायद्यात विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, हेही सांगितलं. कायद्याने जे मानलं ते घरांनी मानायचं बाकी आहे.

जननदर घसरण्याची काळजी ज्यांना वाटते, त्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावं. २०२३ साली तिथला दर ०.७२वर आला. सरकारने वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी कामाचे लांबलचक तास, शिक्षणाचा खर्च आणि घरकामाचं बाईवरचं ओझं तसंच राहिलं. म्हणून तिथल्या तरुणींचं उत्तरही तेच राहिलं. आवाहनाने किंवा भीतीने मुलं जन्माला येत नाहीत, आणि आली तरी ती सुखात वाढत नाहीत.

तेव्हा तीन मुलं हवीत म्हणणाऱ्यांनी आधी काही प्रश्नांची उत्तरं द्यावीत. बापाची रजा कधी? बंद पाळणाघरांची कुलपं कोण उघडणार? शेतमजूर बाईला बाळंतपणात महिन्याचा रोज कोण देणार? दोघांपैकी कोणाची नोकरी थांबणार आणि का? या प्रश्नांना हात घालणारा समाज आईचा मान खरोखर राखतो, आणि अशा समाजात अनेक जणी आनंदाने आई होतील. त्या समाजातही एखादी पूर्ण विचार करून ‘नाही’ म्हणाली, तर तिच्याकडे कारण मागू नये. २० जुलै १९४२ला नागपुरात जमलेल्या त्या हजारो बायकांनी रजेपासून घटस्फोटापर्यंत सगळं एकाच मांडवात मागितलं होतं. त्यातलं बरंच काही कायद्यात आलं. आपल्या आयुष्याचा आकडा आपण ठरवण्याचा अधिकार मात्र अजून घराघरांत पोचायचा आहे, आणि तो पोचवण्याचं काम आई झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघींचं आहे.